तपोवनाचे दाजीसाहेब



तपोवन हे नाव अमरावतीत सर्वांना ठाऊक आहे. ते उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन मात्र नव्या पिढीला फारसे परिचित नाहीत. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडेसे.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १८९२ रोजी जमखंडी संस्थानातील आसंगी या गावी झाला. होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणून त्यांनी अमरावती ही आपली कर्मभूमी केली. लोक त्यांना आदराने दाजीसाहेब म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही सोसला.

त्या काळी अंगावर चट्टा दिसला की आधी ताट वेगळे होई, मग खोली वेगळी होई आणि शेवटी घरच तुटे. पुष्कळांचे आयुष्य देवळाच्या पायऱ्यांवर हात पसरण्यात संपे. १८९८ च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून डांबून ठेवण्याची मुभा दिली होती. जंतूचा शोध १८७३ सालीच लागला होता, पण लोक या रोगाला पापाची शिक्षाच मानत राहिले.

अशा वेळी, १९४६ साली, दाजीसाहेबांनी शहराबाहेर जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. तेच आपले तपोवन. औषध आणि अन्न देऊन ते थांबले नाहीत. बोटे झडलेल्या हातांनाही काम करता येते, हा त्यांचा विश्वास होता. म्हणून तेथे शेती, सुतारकाम, विणकाम सुरू झाले. भिकेची जागा श्रमाने घेतली. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ७ मे १९८६ रोजी ते निवर्तले.

पुढे या रोगावर खात्रीचे औषध आले, तरी कलंक लवकर पुसला गेला नाही. १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. पती वा पत्नीला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ पर्यंत कायद्यात होती.

कुष्ठरोगाचा आणि क्षयाचा जंतू एकाच कुळातला. क्षयरोग्याच्या वाट्याला येणारे दुःखही त्याच जातीचे. क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो. ताट-वाटीने किंवा कपड्यांनी तो पसरत नाही. योग्य औषधे सुरू झाली की बहुतेक रोग्यांपासून काही आठवड्यांतच इतरांना धोका उरत नाही. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. तरीही सुनेला माहेरी धाडले जाते, मुलीचे लग्न मोडते, भाड्याची खोली सोडावी लागते. या भीतीने माणूस रोग लपवतो, औषध अर्धवट सोडतो. मग रोग औषधाला दाद देत नाही आणि घरातल्यांनाही लागतो. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण रोग्याला दूर लोटतो, तीच भीती रोग वाढवते.

व्याकरणात ‘आजारी’ हे विशेषण आहे आणि ‘माणूस’ हे नाम. आपण विशेषणालाच नाम करून टाकतो व माणूस विसरतो. दाजीसाहेबांनी ही चूक केली नाही.

आपल्या धर्मग्रामातही कोणी ही औषधे घेत असेल. त्याच्या घरी जा, दार-खिडकी उघडी ठेवून त्याच्याजवळ बसा, गोळ्या पूर्ण करायला धीर द्या. त्याने चहा पुढे केला, तर तो नाकारू नका.