ओवीचा आश्रय घेतलेले पाद्री : फादर स्टीफन्स

नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण खरा. परंतु या मंगल दिनी मराठी भाषेच्या प्रत्येक उपासकाने ज्यांचे स्मरण करावे असे एक धर्मोपदेशक गोमंतकात होऊन गेले. आम्हां चिकलठाणेकरांना पैठण अगदी जवळचे. त्या पुण्यक्षेत्री श्रीएकनाथमहाराज प्राकृत ओवीतून सर्वांस भागवतधर्म सांगत होते, त्यांच्या हयातीतच फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून या देशी आले आणि पुढे त्याच ओवीचे उपासक झाले.

त्यांचा जन्म १५४९च्या सुमारास विल्टशायर परगण्यात झाला. रोम येथे जेझुइट संघाची दीक्षा घेऊन एप्रिल १५७९ मध्ये त्यांनी लिस्बन सोडले व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी साष्टी प्रांताची सेवा केली.

तो काळ कठीण होता. पोर्तुगीज सत्तेने १५६६-६७च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली होती. श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांच्या मूर्ती भक्तांनी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूस नेल्या होत्या. १५८३ साली कुंकळ्ळी येथे संतप्त ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. पुढे त्या गावचे प्रमुख असोळणे येथे बोलावून मारले गेले. हे दुःख झाकून फादरांचे चरित्र सांगणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने ते आले, तिनेच ही जखम केली होती.

धर्मांतर केलेल्या कुटुंबांची अवस्था तर अधिकच विचित्र झाली. देऊळ गेले, पुराणश्रवण गेले, सायंकाळी चार घरची माणसे ज्या निमित्ताने एकत्र बसत ते निमित्तच सरले. फादरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग वर्णिला आहे. एका रविवारी साष्टीतील चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण चालले असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीबाबांस विचारले, की जुनी पुराणे आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच ‘ख्रिस्तपुराण’.

जुना व नवा करार यांतील कथा सांगणारा, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. नागरी खिळे नसल्याने तो रोमी लिपीत निघाला. वाणी मात्र मराठीच. त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्या सर्वश्रुत आहेत. त्यांनी कोंकणीत धर्मबोधाचे पुस्तक व त्या भाषेचे व्याकरणही रचले. ही दोन्ही त्यांच्या पश्चात, अनुक्रमे १६२२ व १६४० साली प्रसिद्ध झाली. १६१९ साली फादर निवर्तले.

पुढे रविवारी व सणावारी गोव्यातील चर्चमध्ये हे पुराण लोक एकत्र बसून गाऊ लागले. विखुरलेल्या समाजास पुन्हा एकत्र बसण्यास स्थान मिळाले. पूर्वी देवळाच्या उत्सवाचा भार वाहणारे गावकर आता चर्चच्या सणांचा भार वाहत होते. सेवेसाठी बंधुमंडळे उभी राहिली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध आज्ञा काढली, तरीही पुराण नष्ट झाले नाही. आरंभीच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; परंतु हस्तलिखितांनी आणि भाविकांच्या कंठाने ते राखले. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले व तेथेच १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली.

आमच्या या भागाचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. आज मराठी चर्चमध्ये पेटी-तबल्याच्या साथीने भक्तिगीते होतात, महिला व तरुणांची मंडळे दीनदुबळ्यांच्या सेवेत रमतात. आपल्या आळीतील भजनी मंडळाहून हे चित्र फार वेगळे नाही. देव कोणत्या नावाने आळवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण चार माणसांनी आपल्या मायबोलीत, मांडीला मांडी लावून त्याचे नाव घ्यावे, ही ओढ साऱ्यांची एकच. ती ओढ एका परदेशी पाद्र्याने ओळखली. आज शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा देण्यास जाताना आपण त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करू या.