वकिली, वास्तू आणि बाबासाहेब

३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. १९२३पासून ते मुंबईत वकिली करीत होते. पण गरीब अशिलांमुळे प्राप्ती बेताचीच होती. संसार, चळवळ आणि ग्रंथखरेदी यांचा भार मोठा होता. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी दोन इमारती उभारल्या. ‘राजगृह’ हे निवासस्थान व ग्रंथालय, तर ‘चारमिनार’ भाड्याच्या उत्पन्नासाठी. मात्र कर्जफेड आणि पुस्तकांसाठी १९४१मध्ये ‘चारमिनार’ विकावी लागली. उत्पन्नाची वास्तू गेली, ग्रंथांचे घर त्यांनी राखले. लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला जमणारे अनुयायी ज्या बॅरिस्टरांचे स्मरण करतात, त्यांची श्रीमंती या निवडीत होती.