शहराचे गणित मांडणारा अभियंता

बार्सिलोना शहराचे आकाशातून घेतलेले छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या मनात एक आकृती कायमची ठसलेली असते. सरळ रेषेत धावणारे रस्ते, त्यांच्यामध्ये एकसारखे चौरस आणि प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे तिरके छाटलेले. ही आकृती इल्देफोन्स सेर्दा नावाच्या अभियंत्याने आखली. वाहतूक आणि नगररचना या विषयांत आज विद्यापीठे डॉक्टरेट देतात. सेर्दाच्या काळात या विषयाला शास्त्र म्हणून नावही नव्हते. ते शास्त्र उभे करण्यासाठी त्याने नोकरी सोडली आणि वडिलोपार्जित संपत्तीही खर्ची घातली.

सेर्दाचा जन्म २३ डिसेंबर १८१५ रोजी कातालोनियातील सेन्तेल्यास या गावी, पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या संपन्न घराण्यात झाला. त्याने धर्मगुरू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्याचा ओढा मात्र गणिताकडे होता. बार्सिलोनात गणित आणि वास्तुकलेचे धडे घेऊन तो माद्रिदला गेला आणि १८४१ मध्ये रस्ते, कालवे व बंदरे यांच्या शासकीय अभियांत्रिकी विद्यालयातून पदवीधर झाला. पुढची काही वर्षे सरकारी अभियंता म्हणून तो स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांत फिरला.

१८४४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील नीम शहरात त्याने वाफेची आगगाडी पाहिली. वाफेच्या यंत्राची त्याला ओळख होतीच. त्याला अस्वस्थ केले ते गाडीतून उतरणाऱ्या आणि गाडीत चढणाऱ्या माणसांच्या लोंढ्याने. एवढी माणसे इतक्या वेगाने शहराच्या वेशीपर्यंत येणार असतील, तर आतल्या अरुंद गल्ल्यांत त्यांचे काय होणार, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. वडील आणि थोरले भाऊ यांच्या निधनानंतर घराण्याची मालमत्ता त्याच्याकडे आली. १८४९ मध्ये त्याने सरकारी सेवेचा राजीनामा दिला आणि उर्वरित आयुष्य या एका प्रश्नाच्या अभ्यासाला वाहून टाकले.

त्या वेळचे बार्सिलोना तटबंदीच्या आत कोंडलेले होते. तटाबाहेर तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात बांधकामाला लष्कराची मनाई होती. त्यामुळे कापडगिरण्या, कामगारांच्या खोल्या, बाजार आणि चर्च यांची आतच दाटी झाली होती. पटकीच्या साथींत माणसे पटापट मरत. १८५४ मध्ये तट पाडण्यास परवानगी मिळाली. १८५५ मध्ये सेर्दाने बाहेरच्या मोकळ्या मैदानाचा तपशीलवार नकाशा तयार केला. मात्र जमीन मोजून त्याचे समाधान झाले नाही. कामगाराची मजुरी किती, घरभाडे किती, तो खातो काय, राहतो किती जागेत आणि कोणत्या वस्तीत मृत्यूचे प्रमाण अधिक, याची आकडेवारी त्याने गोळा केली आणि १८५६ मध्ये कामगारवर्गावरील प्रबंधाच्या रूपाने मांडली. रस्त्याची रुंदी आणि माणसाचे आयुष्य यांचा संबंध असतो, हे त्याला आकड्यांनी सिद्ध करायचे होते.

या अभ्यासातून त्याची योजना साकारली. ११३ मीटर लांबी-रुंदीचे चौरस आणि त्यांच्यामध्ये किमान २० मीटर रुंदीचे रस्ते. या २० मीटरांपैकी १० मीटर वाहनांसाठी आणि दोन्ही बाजूंचे पाच-पाच मीटर पायी चालणाऱ्यांसाठी. घोडागाडीचे युग असताना निम्मा रस्ता पादचाऱ्याला देणारी ही आखणी होती. कोपरे छाटण्यामागेही हिशेब होता. चौकात चार दिशांची वाहने एकत्र येतात, वळतात, थांबतात. म्हणजे तेथे रस्त्यापेक्षा अधिक जागा हवी. चौरसाच्या फक्त दोन बाजूंना घरे बांधावीत आणि मध्ये बाग राखावी, असा त्याचा आग्रह होता. हालचाल आणि विसावा ही माणसाच्या नागरी जीवनाची दोन अंगे आहेत आणि शहराने दोहोंना न्याय द्यावा, हे त्याच्या विचाराचे सार होते.

१८५९ मध्ये माद्रिद सरकारने ही योजना मंजूर केली. बार्सिलोना नगरपालिकेने मात्र त्याच वर्षी स्वतंत्र स्पर्धा घेऊन अंतोनी रोविरा या वास्तुविशारदाची योजना निवडली. १८६० मध्ये राजाज्ञेने सेर्दाच्याच योजनेवर शिक्कामोर्तब झाले आणि स्थानिकांच्या दृष्टीने ती राजधानीने लादलेली योजना ठरली. वास्तुविशारदांनी तिला नीरस म्हटले. जमीनमालकांना बागांसाठी सोडलेली जागा वाया गेलेली वाटली. हळूहळू चौरसांच्या चारही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, त्यांची उंची वाढत गेली आणि मधल्या बागा गोदामे व कारखान्यांनी गिळल्या.

सेर्दाने अभ्यास सोडला नाही. १८६७ मध्ये त्याचा ‘नागरीकरणाचा सामान्य सिद्धांत’ हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आज जगभर रूढ असलेला ‘अर्बनायझेशन’ हा शब्द त्यानेच स्पॅनिशमध्ये घडवला. प्राचीन रोमन लोक नांगराने शहराची हद्द आखत. त्या नांगराच्या लॅटिन नावाशी त्याने या शब्दाचे नाते जोडले. शेतकरी घराण्यातल्या माणसाला सुचावी अशीच ही व्युत्पत्ती होती. ग्रंथाची त्या काळी फारशी दखल घेतली गेली नाही. संशोधनावर पैसा खर्च होत राहिला, संसार विस्कटला, केलेल्या कामाचा मोबदलाही पुरता हाती आला नाही. २१ ऑगस्ट १८७६ रोजी काल्दास दे बेसाया येथे, जन्मभूमीपासून दूर, विपन्नावस्थेत त्याचे निधन झाले.

त्याचा ग्रंथ पुन्हा छापला जाण्यास १९६८ साल उजाडावे लागले. त्याच्या योजनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा २००९ मध्ये बार्सिलोनाने ‘सेर्दा वर्ष’ साजरे केले. त्याच शहराने पुढे काही चौरसांच्या आतील जागा परत घेऊन तेथे बागा केल्या आणि २०१६ पासून काही भागांत चौरसांचे गट करून आतल्या रस्त्यांवरील मोटारींना आवर घातला. सेर्दाचे रस्ते शहराने तत्काळ स्वीकारले होते, कारण ते सर्वांच्या सोयीचे होते. त्याच्या बागांत मात्र कुणाचा तरी तोटा दडलेला होता. त्यांचे मोल पटायला शहराला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि जे एकदा बांधले गेले, त्यातले बहुतेक आता परत मिळणारे नाही.