मराठी व्याकरणातल्या आठ ‘जाती’ आल्या कुठून? दादोबा पांडुरंग यांची कहाणी

‘अरेरे, गुलाबी फ्लेमिंगो माहुलच्या खाडीजवळ उशिरा उतरले आणि आम्ही आधीच निघालो!’ शाळेत शिकलेल्या शब्दांच्या आठही जाती या एका वाक्यात सापडतात. ‘फ्लेमिंगो’ नाम, ‘आम्ही’ सर्वनाम, ‘गुलाबी’ विशेषण, ‘उतरले’ क्रियापद, ‘उशिरा’ क्रियाविशेषण, ‘जवळ’ शब्दयोगी, ‘आणि’ उभयान्वयी आणि ‘अरेरे’ केवलप्रयोगी. स्पर्धा परीक्षेच्या गाइडपासून पाचवीच्या वहीपर्यंत ही यादी पाठ केली जाते. ती मराठी शाळेत रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा आहे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा, आणि त्यांच्यासमोरचा नमुना होता इंग्रजी व्याकरणाचा.

कोण होते दादोबा?

तर्खडकर घराण्याचे मूळ वसईजवळच्या तर्खड गावचे. दादोबांचा जन्म मात्र मुंबईतला, 9 मे 1814 चा. पेशवाई बुडाली तेव्हा ते चार वर्षांचे होते. संस्कृत, फारसी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांशी त्यांची ओळख तरुण वयातच झाली. माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाकडे त्यांनी काही काळ शिक्षक म्हणून काम केले. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे 22 वर्षांचे होते.

त्याआधी मराठीचे व्याकरण लिहिले गेलेच नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांचे व्याकरण 1805 मध्येच बंगालमधील श्रीरामपूरहून निघाले होते. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी होते. मराठी मुलाला त्याचीच भाषा, त्याच्याच भाषेत समजावून सांगायची, हे काम वेगळे आणि अधिक अवघड.

इंग्रजीचा साचा कशासाठी?

त्या काळी इंग्रजी शाळांमध्ये लिंडले मरे यांच्या व्याकरणाचा दबदबा होता. 1795 मध्ये निघालेल्या या पुस्तकात शब्दांचे नऊ प्रकार मानले होते. त्यातला पहिला ‘आर्टिकल’, म्हणजे नामाआधी येणारे ए, अॅन, द. मराठीत त्याला जागाच नाही. वरच्या वाक्याचे इंग्रजी करायचे तर खाडीच्या आधी ‘द’ लावावा लागेल; मराठी खाडीचे त्यावाचून काही अडत नाही. तो प्रकार गळला आणि उरले आठ.

‘प्रिपोझिशन’चा पेच त्याहून गमतीचा. या नावातच ‘आधी ठेवलेला’ हा अर्थ आहे. इंग्रजीत ‘जवळ’साठीचा शब्द खाडीच्या आधी येतो, मराठीत तो मागून येऊन चिकटतो आणि जाताना ‘खाडी’चे ‘खाडी’च ठेवतो, पण ‘घोडा’चे ‘घोड्या’ करतो. म्हणून ‘शब्दयोगी’, शब्दाशी जोडला जाणारा. नुसते भाषांतर केले असते तर नावच खोटे ठरले असते.

संस्कृतची परंपरा हाताशी असताना इंग्रजीकडे का पाहिले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. यास्काने पदांचे चार प्रकार सांगितले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर पदाला लागणाऱ्या प्रत्ययावरून दोनच गट केले. दादोबांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या. विभक्तींची चौकट त्यांनी संस्कृतकडून घेतली, शब्दजातींची इंग्रजीकडून. इंग्रजीची आठाची मोजणीही मूळची तिची नाहीच; ती ग्रीक आणि लॅटिन व्याकरणांतून आलेली आहे. लॅटिनमध्येही आर्टिकल नव्हते आणि तिथेही ते असेच गाळावे लागले होते!

मग वाद कसला?

दोन घरांतून सामान आणले की सांध्यावर फट राहते. ‘घोड्याला’मधला ‘ला’ विभक्तीचा प्रत्यय आणि ‘घोड्यासाठी’मधला ‘साठी’ शब्दयोगी, असे का? दोन्ही एकाच सामान्यरूपाला लागतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून अनेक प्रश्न उपस्थित केले. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सगळाच विषय पुन्हा तपासला. आठ जाती मात्र टिकल्या. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते थोडे सैलच. पाणिनीने कोणाचा साचा उसना घेतला नव्हता. दादोबांचे कर्तृत्व उसना साचा कुठे कापायचा हे ओळखण्यात आहे.

स्वतःच्या पुस्तकावर ते थांबलेही नाहीत. 1850 मध्ये सुधारलेली दुसरी आवृत्ती आली, पुढे मुलांसाठी लघुव्याकरण आले आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1881 मध्ये, मूळ व्याकरणाला पुरवणी जोडली.

व्याकरणापलीकडचे दादोबा

सुरतेत शिक्षक असताना 22 जून 1844 रोजी दुर्गाराम मेहताजी आदींसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. संस्थापकांपैकी पाच जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, हा योगायोग गुजरातेत आजही सांगतात. मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा उभी राहिली. जातिभेद मोडण्यासाठी सभासद एकत्र जेवत, पण गुपचूप. सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर 1860 च्या सुमारास सभा मोडली. धर्मावरचे ‘धर्मविवेचन’ही दादोबांनी स्वतःच्या नावाने छापले नाही, ‘एक जगद्वासी आर्य’ हे टोपणनाव घेतले. सरकारी नोकरी आणि जातीचा धाक, दोन्ही डोक्यावर होते.

एकाच घरातला विरोधाभासही पाहण्यासारखा. धाकटे बंधू भास्कर यांनी 1841 मध्ये टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे लिहून कंपनी सरकारची लूट उघडी केली आणि ते तरुणपणीच वारले. दादोबा अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले आणि भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल त्याच सरकारकडून रावबहादूर ही पदवी मिळाली. तिसरे बंधू डॉ. आत्माराम यांच्या पुढाकाराने 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघडपणे.

दादोबांचे निधन 17 ऑक्टोबर 1882 रोजी झाले. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र अपुरे राहिले. अ. का. प्रियोळकरांनी उरलेल्या चरित्राची जोड देऊन ते 1947 मध्ये प्रसिद्ध केले.