जात्यावरची कवयित्री : बहिणाबाई चौधरी

शाळेची पायरीही न चढलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या कविता आज विद्यापीठांतून अभ्यासल्या जातात, ही मराठी साहित्यातील नवलाची गोष्ट होय. ती स्त्री म्हणजे बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली उखाजी महाजन व भिमाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. त्या काळी शेतकऱ्याच्या घरातील बाईचा दिवस कोंबडा आरवण्याआधी जात्यावर सुरू होई. दळण आटोपले की चूल, मग शेणपाणी आणि डोक्यावर भाकरी घेऊन शेताची वाट. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी असा वर्षाचा फेरा. शेतात राबूनही घरचे काम सुटत नसे.

तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी सून म्हणून आल्या. माहेरचे जाते सुटले, सासरचे हाती आले. ऐन तिशीत वैधव्य आले. ओंकार, सोपान व काशी ही तीन मुले पदरी. त्यांतील ओंकारला प्लेगच्या साथीने अपंग केले. दुःख घेऊन बसायला सवड नव्हती; ते जात्याच्या घरघरीत मिसळून ओवीतून बाहेर पडे. जाते, चूल, मोट, पेरणी, उपणणी, सुगरणीचा खोपा, जे रोज हाताखालून व डोळ्यांसमोरून गेले तेच गाण्यात आले. म्हणून त्या गाण्यांत उसने काही नाही.

ही गाणी वाऱ्यावर विरून गेली असती. परंतु सोपानदेव शिकले, कवी झाले; त्यांनी व मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरविली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आपले पुस्तक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

आपल्या कुरखेडा भागात खानदेशासारखी कपाशी नाही, धानाच्या बांध्या आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या आयाबाया झाडीबोलीत, गोंडीत गातात. एखादी म्हातारी जाते, तिच्याबरोबर तिची गाणीही जातात. बहिणाबाईंपाशी वही घेऊन बसणारा लेक होता. आज आपल्यातील कितीतरी जण घरातले पहिलेच शिकलेले आहेत. वही आपल्याजवळ आहे. आजीजवळ बसायचे तेवढे राहिले आहे.