चरबी मोजणारा काचेचा नळा आणि फ्रान्झ सॉक्सलेट

डेअरीवर दूध घातलं की पहिला प्रश्न, फॅट किती? जाम, समुद्रपूर, हिंगणघाटकडचा कोणताही दूधवाला हे जाणतो, कारण भाव त्यावरच ठरतो. दुधात किंवा मांसाच्या तुकड्यात चरबी नेमकी किती, हे वजन करून सांगायची भरवशाची रीत ज्याने दिली, त्याचं नाव बीएस्सीची मुलं प्रयोगशाळेत रोज घेतात. माणूस मात्र बहुतेकांना माहीत नसतो.

फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांचा जन्म १२ जानेवारी १८४८ रोजी ब्रुन इथे झाला. हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे, नाव ब्रनो. १८७२ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे व्हिएन्नाच्या शेती संशोधन केंद्रात काम केलं आणि १८७९ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात शेती-रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. आयुष्यभराचा मुख्य विषय, दूध.

चरबी पाण्यात विरघळत नाही, ईथरमध्ये विरघळते, हे आधीपासून माहीत होतं. अडचण वेगळी होती. एकदा ईथर ओतून सगळी चरबी निघत नाही. पुन्हा पुन्हा ताजं ईथर ओतायचं म्हणजे खर्च, वेळ आणि चुकाही. १८७९ मध्ये सॉक्सलेट यांनी यावर एक काचेचं उपकरण मांडलं. खाली चंबू, मध्ये नळा, वर थंड पाण्याचा कंडेन्सर. वाळवून बारीक केलेला नमुना कागदी पुडीत घालून नळ्यात ठेवायचा. चंबूतलं ईथर तापून वाफ होतं, वर जाऊन थंड होतं आणि थेंब थेंब नमुन्यावर पडतं. नळा भरला की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळं आपोआप खाली उतरतं, सोबत चरबी घेऊन. चरबी खालीच राहते, शुद्ध ईथर पुन्हा वर जातं. असं तासन्‌तास चालतं. शेवटी ईथर उडवून चंबूचं वजन केलं की हिशेब मिळाला. विशेष म्हणजे त्या वाकड्या नळीचं श्रेय त्यांनी सोंबाथी नावाच्या सहकाऱ्याला दिलं.

त्या काळी युरोपच्या शहरांत उन्हाळा आला की बाटलीच्या दुधावरची बाळं जुलाबाने दगावायची. दूध दूरवरून यायचं, वाटेतच नासायचं. १८८६ मध्ये सॉक्सलेट यांनी घरच्या घरी करता येईल असा उपाय सांगितला. दिवसभराचं दूध छोट्या बाटल्यांत भरा, बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवा, आणि प्रत्येक वेळी एकच बाटली उघडा. हा उपाय घरोघरी पोहोचला. जास्त उकळल्याने दुधातलं क जीवनसत्त्व कमी होतं, हे पुढे कळलं. पण नासलेल्या दुधापासून बाळ वाचवणं ही त्या वेळची पहिली गरज होती.

५ मे १९२६ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या रीतीलाही मर्यादा आहेत. पेशींच्या पडद्यात प्रथिनांना चिकटलेली चरबी नुसत्या ईथरने पूर्ण सुटत नाही, आणि उष्णतेने नाजूक चरबी बिघडू शकते. म्हणून १९५७ मध्ये फोल्च आणि सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच्या मिश्रणाची रीत दिली. १९५९ मध्ये ब्लाय आणि डायर यांनी माशांवर काम करून ती आणखी सुटसुटीत केली.

आपल्या घरांत तूप किंवा बिस्किटाचा पुडा हातात घेतला की विचार येतो, यात चरबी कोणाची? हलाल की नाही? इथे एक गोष्ट समजून घ्या. सॉक्सलेटचा नळा चरबी किती हे सांगतो, कोणाची हे सांगत नाही. ते कळायला काढलेल्या चरबीतली आम्लं वेगळ्या यंत्रावर तपासावी लागतात. पण आधी नमुन्यातून चरबी बाहेर काढावी लागतेच. म्हणून नुसत्या व्हॉट्सॲपच्या मेसेजवर विश्वास ठेवू नका, तपासणीचा अहवाल मागा.

नागपूरला १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट सुरू झालं, तिथे तेल तंत्रज्ञान शिकवतात. आपल्या मुला-मुलींपैकी कुणी हे इल्म शिकून आलं, तर असे अहवाल वाचणारं माणूस आपल्याच मोहल्ल्यात असेल.