कर्मवीरांची पंगत

नरसीला कीर्तनासाठी जाताना वाटेत वसतिगृहाची पोरे दिसली, की आम्हांस कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह थाटले. सर्व जातींची लेकरे एकाच पंगतीस बसली. आपल्या काल्याहून हे निराळे काय? पोरांनी राबून खावे अन् शिकावे, हा भाऊरावांचा नेम. एकदा धान्य सरले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडले. पोरे उपाशी निजली नाहीत. १९५९ साली भाऊरावांनी देह ठेवला. माउलींनो, लेकराच्या एका हाती खुरपे दिलेत, तर दुसऱ्या हाती पुस्तक द्याच. एकही हात रिता ठेवू नका.